समुद्राखालून आलेली जलकन्या

पाण्याची भीती मला कधी वाटली नाही. ही फुशारकी नाही. मी कृष्णाकाठचा, सातारा जिल्ह्यातला. घरापुढे नदी आणि मळ्यात पाच पुरुष खोल विहीर. सहाव्या वर्षी वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला त्या विहिरीत सोडलं. दहाव्या वर्षी मी तळाची माती मुठीत आणून काठावरच्यांना दाखवत होतो. पुढे आयटीआय केलं आणि सांगलीकडे एका पंपांच्या कारखान्यात सात वर्षं काढली. तेलाचे भाव चढले, आखातात कारागिरांची मागणी सुरू झाली, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पंपाच्या अंगावर हात ठेवला की त्याचं दुखणं मला कळायचं. सौदीत, कुवेतच्या हद्दीजवळ अल खफजीला मला काम मिळालं. समुद्राचं पाणी ओढायचं, तापवायचं, त्याची वाफ धरून गोडं पाणी करायचं, असा तो कारखाना. समुद्राचं पाणी ओढणारे सहा पंप माझ्याकडे होते.

आमचा फोरमन ग्रीक होता. पन्नाशीचा, रुंद, भुवया इतक्या दाट की घाम त्यांतच अडकून राहायचा. कारखान्यात पंधरा देशांची माणसं होती आणि हा सगळ्यांशी एकाच तोडक्यामोडक्या इंग्रजीत भांडायचा. मी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याला सांगितलं, "तीन नंबरचा पंप परवापर्यंत बसेल. बेअरिंग गेलंय."

त्यानं पंपाजवळ कान नेला. "मला काही ऐकू येत नाही."

"मला येतंय."

परवा नाही, दुसऱ्याच दिवशी दुपारी पंप बसला. मी बेअरिंग काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

मी तेव्हा तरुण होतो, थोडा चढेलही होतो. म्हटलं, "आमच्या विहिरीत सात बायका राहतात. त्यांनी."

मला वाटलं, हसेल. त्यानं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"सात?"

"सात."

"आमच्याकडे पन्नास आहेत," तो म्हणाला. "आणि त्या नुसत्या समुद्रातल्या. ओढ्याझऱ्यांमधल्या कुणी मोजल्याच नाहीत."

त्या दिवसापासून रोज सकाळी दहाच्या चहाला मी पंपघराच्या सावलीत त्याच्याजवळ बसू लागलो. मी त्याला आमच्या साती आसरा सांगितल्या. आमच्याकडे त्यांना मावलायाही म्हणतात. विहिरीच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड, त्यांना आई हळदकुंकू वाहायची, दहीभात ठेवायची, हिरव्या बांगड्या घालायची. नव्या विहिरीला पाणी लागलं तर ते त्यांनी दिलं म्हणायचं आणि पोर बुडालं तर त्यांनी नेलं म्हणायचं. टळटळीत दुपारी विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, त्या तेव्हा न्हायला बाहेर येतात.

"दुपारी!" त्यानं मांडीवर थाप मारली. "माझी आजी हेच सांगायची. दुपारी झऱ्यावर जाऊ नको, त्या केस विंचरत असतात, तुला घेऊन जातील."

त्यांच्या जुन्या गोष्टींत या जलकन्यांना निम्फ म्हणतात. त्या शब्दाचा मूळचा अर्थ नवरी, असं त्यानं सांगितलं. समुद्रात राहणाऱ्या त्या नेरीड. समुद्रातल्या एका म्हाताऱ्या देवाच्या पन्नास मुली. वादळात सापडलेल्या गलबताला खांदा लावून वाट दाखवणाऱ्या. झरे, ओढे, विहिरी यांच्या त्या नायड. एकेका झऱ्याची एकेक. तिचं नाव तेच झऱ्याचं नाव. देवांसारख्या त्या अमर नसतात. झरा आहे तोवर ती, झरा आटला की ती मरते.

एकदा त्यानं एका देखण्या जवान खलाशाची गोष्ट सांगितली. गलबत एका अनोळखी किनाऱ्याला लागलं. हा घडा घेऊन पाणी भरायला गेला. झऱ्यावर वाकला, घडा पाण्यात बुडवला, तोच आतल्या जलकन्येनं त्याच्या गळ्यात हात टाकून त्याला खाली ओढलं. सोबती रानभर त्याच्या नावानं हाका मारत फिरले. तो पाण्याखालून ओ देत होता, पण पाण्यातून येणारा आवाज फार लांबचा वाटतो. शेवटी गलबत त्याला टाकून निघून गेलं.

"मग त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचं? राहिला. पाण्याचं काम मिळालं त्याला, आपल्यासारखं."

माझ्या खोलीत रत्नागिरीच्या खाडीकाठचा एक वेल्डर होता. बाप-आजोबा दर्यावर्दी, मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला घाटी म्हणायचा. सहा वर्षं सौदीत काढल्यानं त्याला अरबी फर्डी यायची. या गोष्टी मी त्याला खोलीवर सांगायचो आणि तो भाजी चिरता चिरता मान हलवायचा. "विहिरीतल्या बायका ठीक आहेत रे घाटी. दर्यातलं तुला काय कळणार? तू गोड्या पाण्यातला मासा."

"पाणी ते पाणी," मी म्हणायचो.

"बरं."

पहिलं वर्ष असं गेलं. फोरमनला दरवर्षी रजा मिळायची, विमानाचं तिकीट मिळायचं. पण तो घरी जात नाही, हे हळूहळू माझ्या ध्यानात आलं. रजा घेऊन तो अथेन्सला जायचा, बहिणीकडे राहून परत यायचा. मी एकदा सरळ विचारलं, "गावी कोण असतं तुमचं?"

"आई."

"मग तिच्याकडे का जात नाही?"

असा प्रश्न विचारायला नको होता. पण मला तेव्हा सगळेच प्रश्न विचारता येतात असं वाटायचं. त्यानं समुद्राकडे तोंड करून सांगितलं.

त्याचं गाव डोंगरात होतं. गावच्या वर एका मोठ्या झाडाखाली झरा होता, दगडी कुंडात पडायचा. सगळं गाव तेच पाणी प्यायचं. त्याची आई सणासुदीला कुंडावर मधाची वडी ठेवून यायची, कुणी पाहत नाही असं बघून, कारण पाद्र्याला ते आवडायचं नाही. हा शिकला, जमिनीत भोकं पाडून पाणी काढायच्या धंद्यात शिरला. गावकरी म्हणाले, फळबागांना पाणी हवंय, तू आपला माणूस आहेस. यानं झऱ्याच्या खालच्या अंगाला बोअर मारली. एवढं पाणी लागलं की लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. दोन उन्हाळ्यांत वरचा झरा कोरडा पडला.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तू तिला मारलंस." त्यानं भुवयांवरचा घाम अंगठ्यानं निपटला. "ती माझ्याशी बोलते. जेवायला घालते. पण माझ्या बोअरचं पाणी ती पीत नाही. बहात्तर वर्षांची बाई, शेजारच्या गावाहून कॅन भरून आणते. मी घरी असलो की माझ्यासमोरून तो कॅन घेऊन जाते. मी कुठं बघू?"

मी त्याच्या ग्लासात चहा ओतला.

समुद्राचं पाणी जिथून आत घ्यायचो तिथल्या फाटकावर एक म्हातारा सौदी राखणदार होता. त्याचं तारुण्य मोती काढण्यात गेलं होतं. तेल निघण्याआधी या किनाऱ्यावर तोच धंदा होता. पायाला दगड बांधून बुडी मारायची, शिंपल्यांची टोपली भरायची, दोरी हलवली की वरच्यानं ओढून घ्यायचं. त्यात त्याचे दोन्ही कान फुटले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. दहाच्या चहाला तोही यायचा, गोष्टींतलं काही कळायचं नाही तरी बसून राहायचा. एके दिवशी भाई तिथं पाइप जोडायला आला होता आणि फोरमन नेमकी एका पळून गेलेल्या जलकन्येची गोष्ट सांगत होता.

एक जलकन्या दमून नदीत आंघोळीला उतरली. नदीचा देव तिच्या मागे लागला. ती डोंगर, रानं ओलांडत पळाली, पण तो सुटेना. शेवटी तिनं देवीचा धावा केला. देवीनं तिचं पाणी केलं आणि जमिनीला भेग पाडली. ती त्या भेगेत शिरली, समुद्राच्या तळाखालून वाहत गेली आणि दूर एका बेटाच्या काठाशी, खाऱ्या पाण्याला खेटून, गोडा झरा होऊन वर आली.

भाई हसला. "समुद्राखालून गोडं पाणी? बॉस, मग आपला कारखाना कशाला?"

राखणदारानं त्याची बाही ओढली. काय चाललंय? भाईनं कानात ओरडून त्याला अरबीत सगळं सांगितलं. म्हातारा आमच्याकडे असा बघत राहिला, जणू आम्ही सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून आश्चर्य करत होतो. मग तो जे बोलला ते भाईनं थांबत थांबत सांगितलं.

"हा म्हणतो, यात नवल काय? आमच्या गावासमोर समुद्रात ऐन आहे." ऐन म्हणजे डोळा, आणि झऱ्यालाही अरबीत तोच शब्द. "म्हणतो, मोत्यांच्या बोटीवर चार-चार महिने असायचो. प्यायचं पाणी कुठून आणणार? कातड्याची मशक घेऊन बुडी मारायची, तळाशी झऱ्याच्या तोंडावर मशक उघडायची, भरली की आवळायची नि वर यायचं. म्हणतो, बायकाबियका मला माहीत नाहीत, पाणी माहीत आहे. पाणी अल्लाचं."

फोरमन उभा राहिला. "त्याला विचार, कुठं?"

गाव खफजीच्या दक्षिणेला, गाडीनं तीन तासांवर. म्हाताऱ्याचा चाळिशीचा पुतण्या तिथं मासेमारी करायचा, लाकडी बोट होती. किनारारक्षकांच्या चौकीवर परदेशी माणसांची कागदपत्रं दाखवायला लागायची, ते पुतण्यानं पाहिलं. आमचे इकामे, म्हणजे तिथं राहायचे परवाने, आणि कंपनीचं पत्र फोरमननं गोळा केलं. मार्चमधल्या एका शुक्रवारी पहाटेची नमाज झाल्यावर आम्ही पिकअपनं निघालो. फोरमन गाडी चालवत होता, शेजारी राखणदार मांडीवर जुनी मशक घेऊन, मागे उघड्यावर मी आणि भाई.

"बुडी कोण मारणार?" भाईनं विचारलं.

"मी."

"तू?"

"तुला पोहायला येतं, पण तुझं पोट बघ. फोरमनला पोहता येत नाही. म्हातारा सत्तरीचा. राहिलं कोण?"

भाई पोटावर हात ठेवून हसला. "मर मग. तुझ्या आईला पत्र मी लिहीन."

बोट निघाली तेव्हा समुद्र इतका शांत होता की इंजिनाची लाट काठापर्यंत जाताना दिसत होती. म्हातारा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा होता. खुणा कशा धरायच्या ते त्यानं सांगितलं. मशिदीचा मनोरा आणि त्यामागचा वाळूचा उंचवटा एका रेषेत आणायचा, आणि डाव्या हाताचे तीन खजूर मधल्या खडकाच्या बरोबर वर दिसायला हवेत. पुतण्यानं बोट फिरवली. म्हातारा बघत राहिला. पुन्हा फिरवायला सांगितलं. मग त्याचा हात खाली आला.

मनोरा नवा होता, जुन्याच्या दुप्पट उंच आणि दुसऱ्याच जागी. वाळूचा उंचवटा भराव टाकायला उचलून नेला होता. खजूर होते तिथं तेलाच्या टाक्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे सहा क्रेन. म्हातारा वीस वर्षांत या बाजूनं किनारा बघायला आलाच नव्हता.

दोन तास आम्ही गोल गोल फिरलो. पुतण्या म्हणाला, यल्ला, चला, परत जाऊ. फोरमननं बोटीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तेवढ्यात म्हाताऱ्यानं इंजिन बंद करायला लावलं. तो कडेवर पालथा झाला, ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकला. हातानं खूण केली, तिकडे. पुतण्यानं वल्हं मारलं. पुन्हा ओंजळ, पुन्हा थुंकणं. असं त्यानं चाळीस-पन्नास वेळा केलं असेल. दाढी ओली, ओठ मिठानं पांढरे. भाई माझ्या कानाशी म्हणाला, "माझा आजा असाच होता बघ. चव घेऊन खाडी ओळखायचा." त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

एका जागी म्हातारा थुंकला नाही. त्यानं ते पाणी गिळलं आणि आमच्याकडे वळून बघितलं.

मी सदरा काढला. म्हाताऱ्यानं मला थांबवून दोरी बांधलेला दगड दाखवला. मी म्हटलं, दगड नको. विहिरीत मी कधी दगड घेतला नव्हता. मशक काखेत धरली, श्वास घेतला आणि सूर मारला.

दोन पुरुष खाली गेलो आणि समुद्रानं मला वर ढकलायला सुरुवात केली. खारं पाणी माणसाला खाली जाऊच देत नाही, हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. हातपाय मारून आणखी थोडा खाली गेलो, तसे कानात खिळे ठोकल्यासारखं झालं. मशक कधी उघडली तेही कळलं नाही. वर आलो तेव्हा नाकातोंडात मीठ आणि मशकीत खारं पाणी.

"काय रे घाटी," भाईनं वरून विचारलं, "पाणी ते पाणी ना?"

मी दुसऱ्यांदा तसाच गेलो आणि तसाच आलो. मग बोटीला धरून दम खात राहिलो. त्या दिवसापर्यंत मला पाण्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. राग आला, लाज वाटली, आणि मग मी वर बघून म्हाताऱ्याला म्हटलं, "शिकवा."

भाईला ते अरबीत सांगावं लागलं नाही. म्हातारा माझ्याजवळ बसला आणि भाई त्याचं बोलणं मला सांगत गेला. उजवा पाय दोरीच्या फासात, दगडावर. दोन बोटांनी नाक दाबायचं आणि दर हातभराला घोट गिळायचा, म्हणजे कान उघडतात. हातपाय मारायचे नाहीत. दगड नेईल, तू नुसता जा. "घाई केलीस तर माझ्यासारखा होशील," असं म्हणून त्यानं आपल्या कानांना हात लावला.

तिसऱ्या वेळी मी दगडाबरोबर गेलो. हिरव्यातून गडद हिरव्यात. घोट गिळत होतो, कान उघडत होते. चार पुरुष खोल असेल. पाय वाळूला लागले आणि मी डोळे उघडले. समोर काही दिसेना, सगळं धूसर थरथरत होतं, जसं तापल्या डांबरी रस्त्यावर दिसतं. माझे डोळेच गेले की काय वाटलं. मग खाली पाहिलं. गाडीच्या चाकाएवढ्या जागेत वाळू उकळत होती, भात रटरटतो तशी. मी तळहात तिच्यावर धरला आणि थंड पाणी हात वर उचलू लागलं.

मी मशकीचं तोंड तिथं दाबलं. ती फुगली, आधी हळू, मग एकदम. मी तोंड आवळलं. अजून छातीत हवा होती, म्हणून मी काय केलं, तर तोंड त्या धारेवर नेलं आणि एक घोट घेतला. डोक्यावर सगळा खारा समुद्र होता आणि घशातून गोडं पाणी उतरत होतं. मला तिथं कुणी बाई दिसली नाही. पण आमच्या दगडांना आई हात का जोडते ते मला तोवर माहीत होतं, समजलं त्या वेळी. मी दोरी हलवली.

मी वर आलो. म्हाताऱ्यानं मशक घेतली, बिस्मिल्ला म्हणून आधी स्वतः प्यायला आणि मग फोरमनच्या हातात दिली. फोरमननं एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग त्यानं ओंजळ भरून ते पाणी तोंडावर मारलं आणि तसाच, चेहरा हातात धरून बसून राहिला. भाई प्यायला, पुतण्याही प्यायला. पुतण्या याच समुद्रात जन्मलेला, पण त्यानंही ते पाणी आयुष्यात पहिल्यांदा चाखलं होतं.

उरलेलं पाणी फोरमननं एका काचेच्या बाटलीत भरलं. "मी घरी जाणार," तो म्हणाला.

मी आईला पत्र लिहून सगळं कळवलं. महिन्यानं उत्तर आलं, बहिणीच्या हातचं, पण शब्द आईचेच. "आरं, न विचारता दुसऱ्याच्या मावलायांच्या घरात शिरलास व्हय? आन् तोंड लावून पाणी बी प्यालास! तिकडं हिरव्या बांगड्या मिळत न्हाईत म्हनून मी हितं वाहिल्यात तुझ्या नावानं. पुन्यांदा जाशील तवा आधी हात जोड."

फोरमन मेमध्ये गावी गेला आणि जूनमध्ये परत आला. पहिल्याच चहाला त्यानं खिशातून तीच बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. भरलेली.

"आई प्यायल्या नाहीत?" मी विचारलं.

"ऐक. मी सगळं सांगितलं. जलकन्या समुद्राखालून कशी जाते ते तिला माहीतच होतं, तिनंच तर मला लहानपणी सांगितलं होतं. मी म्हटलं, आई, ती मेली नसेल, तिकडे गेली असेल, हे बघ. तिनं बूच काढलं, वास घेतला, थोडं बोटावर घेऊन चाखलं. आणि म्हणाली, ही आपली नाही."

"मग?"

"म्हणाली, दुसऱ्याच्या घरची मुलगी कशाला उचलून आणलीस? जा, तिला सोडून ये." तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "अकरा वर्षांनी आई माझ्यावर ओरडली. मोठ्यानं. शेजारचे बाहेर आले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू."

भाई म्हणाला, "इथंच ओता समुद्रात, काम झालं."

"इथं ओतली तर तुझा पंप ओढेल तिला," फोरमन माझ्याकडे बोट करून म्हणाला, "उकळेल, आणि आपणच पिऊ. नाही. जिथली तिथं."

उन्हाळ्यात जमलं नाही. ऑक्टोबरात पुन्हा तसाच शुक्रवार धरून गेलो, तीच माणसं, तीच बोट. या वेळी खुणा ठाऊक होत्या. टाक्या, क्रेन, नवा मनोरा. म्हातारा जागेवर आला, पालथा झाला, ओंजळ घेतली आणि थुंकला. पुढे गेला, थुंकला. तीन तास झाले. मी हात जोडले आणि दगड घेऊन पाच वेळा खाली गेलो. पाचव्या वेळी मला तो खळगा सापडला. आकार तोच, चाकाएवढा. वाळू शांत होती. मी हात घालून पाहिला, कोपरापर्यंत. थंड नव्हतं, काही नव्हतं.

वर येऊन मी सांगितलं. पुतण्यानं किनाऱ्याकडे बघून हनुवटी हलवली. नवी वसाहत उठत होती, सहा महिन्यांत तिथं खोल विहिरी पाडल्या होत्या, इमारतींना पाणी लागतंच. म्हातारा खाली बसला. "खलास," एवढंच म्हणाला. त्याचा आवाज नेहमी मोठा असायचा, बहिऱ्या माणसाचा. तो शब्द मात्र हळू आला.

फोरमननं बाटली काढली. मला वाटलं, परत खिशात ठेवेल. त्यानं मला विचारलं, "खळगा नक्की आपल्या खाली आहे?" मी म्हटलं, नक्की. त्यानं वाकून, बाटलीचं तोंड पाण्यात धरून, ती सावकाश रिकामी केली. म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

परतीच्या वाटेवर मी पुढे बसलो होतो. अर्ध्या वाटेत फोरमन म्हणाला, "मी माझी बोअर बुजवणार."

"गावाला पाणी?"

"खाली नदीच्या पात्राजवळ दुसरी मारायची. लांब पडेल, पंप मोठा लागेल. कुठला घ्यायचा ते तू सांग."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कागदावर चढ, पाइपाची लांबी, मोटर, सगळं काढून दिलं. आठवडाभर आम्ही चहाच्या वेळी त्याच हिशोबात असायचो. वर्षाच्या शेवटी त्यानं नोकरी सोडली. जाताना पंपघराची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली, कारण त्याच्या जागी मला नेमावं असं तो वर सांगून आला होता. त्यांनी नेमलंही.

त्याचं पत्र यायला दोन वर्षं लागली. गावकऱ्यांनी एक अख्खा हिवाळा त्याच्याशी भांडण केलं होतं. आपणच मारलेली बोअर बुजवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी नदीकाठी नवी झाली, मी सांगितलेलाच पंप बसला, जुनी बुजवली. पहिलं वर्ष झरा कोरडाच. दुसऱ्या वर्षी बर्फ वितळल्यावर कुंडाच्या कडेचं शेवाळ ओलं झालं आणि आठवड्यानं धार सुरू झाली, करंगळीएवढी. आई रोज सकाळी वर जाऊन बसते. ती म्हणते, ही तीच आहे का ते अजून सांगता येत नाही, आवाज थोडा वेगळा लागतो. कान देऊन ऐकतेय.

मी पत्र दोनदा वाचलं, मग भाईला वाचून दाखवलं. त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "राखणदाराला सांगायला हवं." पण म्हातारा तोवर काम सोडून गावी गेला होता. पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं गाडी काढून तीन तास दक्षिणेला गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता. भाईनं त्याच्या कानाला तोंड लावून ओरडून सगळं सांगितलं, गल्लीभर ऐकू गेलं. म्हाताऱ्याला सगळं दोनदा ऐकायचं होतं. मग त्यानं घरातून कॉफी मागवली आणि माझ्याकडे बोट करून पुतण्याला म्हणाला, याला मी शिकवलं.